प्लास्टिक न काढलेला फर्मेंटर

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी अनुदानाशिवाय वाढतात. एक बुरशी, दुसरे किस्से! मी इथला टेक्निशियन, त्यामुळे बुरशी दर शनिवारी मीच पुसतो. किस्से मात्र साचत गेलेत आणि त्यातले बहुतेक आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, एकहाती पुरवलेत.

त्यातले हे शोभाच्या वेळचे. शोभा पाचोडकडची, घरी शेळ्या-मेंढ्या. शेळ्यांच्या लसीला लागणारं एक प्रोटीन यीस्टकडून बनवून घ्यायचं, हे तिचं संशोधन. यीस्ट म्हणजे पाव फुगवतात तेच. छोट्या फ्लास्कमध्ये तिला ते जमलं होतं. मोठ्या प्रमाणावर जमतं असं कमिटीला दाखवलं तर फेलोशिपची मुदत वाढणार, नाहीतर संशोधन अर्धवट टाकून घरी!

*

सरांनी अनुदानाचा अर्ज लिहिला. मागितला काय, तर फर्मेंटर. म्हणजे यीस्ट वाढवायची स्टीलची मोठी टाकी.

शोभा म्हणाली, "सर, यीस्टला खायला ग्लुकोज लागंल. ते अर्जात नाय."

"ग्लुकोजचं उद्घाटन करता येतं का?" सरांनी विचारलं.

टाकी मंजूर झाली. ग्लुकोज शोभा औरंगपुऱ्यातल्या दुकानातून पदरमोड करून आणायची. दुकानदाराला वाटायचं, हिच्या घरी कुणीतरी लई आजारी आहे. दर वेळी काळजीनं विचारायचा, "अब कैसी है तबियत?"

"वैसीच है, चाचा," शोभा सांगायची. मला वाटतं, ती आमच्या विभागाबद्दलच बोलत असावी.

*

उद्घाटनाला पाहुणे आले. नारळ झाला, हार झाला. फोटोग्राफर म्हणाला, "साहेब, आत काहीतरी टाकताना घेऊ या, फोटो झकास येईल!"

पाहुण्यांनी टाकीचं झाकण उघडायला लावलं आणि कुंकवात कालवलेल्या अक्षता मूठभर आत सोडल्या. वर एक झेंडू. टाळ्या! ज्या टाकीत एक जंतू शिरला तरी सगळा माल नासतो, त्या टाकीत!

शोभा माझ्या कानाशी म्हणाली, "काका, आता हे खोलून धुवावं लागंल."

खोलू देतंय कोण? सरांनी त्याच संध्याकाळी कंपनीचं प्लास्टिक पुन्हा वर चढवलं, चिकटपट्टी लावली. नव्या सोफ्याचं प्लास्टिक दहा-दहा वर्षं न काढणारी माणसं असतात ना, सर त्यातले!

"कमिटी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. खराब झालं म्हणजे?"

तसंही ते चाललं नसतं. त्या खोलीत थ्री फेज वीजच नव्हती. मी आठवण करून दिली, तर सर म्हणाले, "अर्जात वीज कुठे मागितली होती?"

*

शेंद्र्याच्या एका कारखान्यातले इंजिनिअर चांगले निघाले. म्हणाले, रविवारी आमची छोटी टाकी रिकामी असते, वापरा. शोभा धावतच सरांकडे गेली.

सर भडकले. "आपल्याकडे टाकी असताना लोकांच्या दारात जायचं? माझी काय अब्रू राहील?"

टाकी आहे, पण वापरायची नाही. दुसऱ्याची वापरली तर अब्रू जाते. आणि या माणसाला आम्ही रोज उठून नमस्कार करायचा!

शोभा गावी गेली. दोन दिवसांनी घरून दुधाची कॅन घेऊन आली. वाफेवर तापवून स्वच्छ केली, हवा सोडायला माशांच्या टाकीचा पंप आणला, त्याला कापसाची गाळणी लावली आणि ऊब राहावी म्हणून वर अण्णांची, म्हणजे वडिलांची, घोंगडी गुंडाळली.

"अण्णा काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हनले, कॅन ने. पन तुमच्या सरांना सांग, आमच्याकडं भांडी वापरायला असत्यात."

चार दिवसांनी घोंगडीखालून ताज्या पावासारखा वास आला. प्रोटीन तपासलं, भरपूर! शोभा हसत होती आणि डोळे पुसत होती. माझेही भरून आले, खोटं कशाला बोलू.

*

कमिटी यायच्या सकाळी सरांनी फर्मान काढलं, "शोभा, कॅनमधलं सगळं टाकीत ओत. टाकीत वाढलं असं सांगायचं."

"नासंल, सर."

"मग मुदतवाढ विसर!"

शोभानं ओतलं नाही. सरांनी मला टाकीचे नुसते दिवे लावायला सांगितलं. ते साध्या प्लगवर लागतात.

कमिटीच्या अध्यक्ष एक वयस्क मॅडम होत्या. सरांनी अर्धा तास टाकीचं कौतुक केलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "नमुना काढा."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी प्लास्टिक वर सारलं, खाली बीकर धरला आणि खालचा व्हॉल्व्ह उघडला.

टक्. टक्. टक्. बीकरमध्ये लाल तांदूळ पडले. मागून झेंडूच्या दोन वाळक्या पाकळ्या.

मॅडमनी एक दाणा उचलून बघितला. "प्रोटीन वाढलं कुठे?"

शोभानं कोपऱ्यातली घोंगडी बाजूला केली. "हितं, मॅडम."

मॅडम खाली वाकल्या, वास घेतला, शोभाच्या वहीतली पानं एकेक करून वाचली. मग फाईल मागवून मुदतवाढीवर सही केली आणि पेन बंद करताना सरांना विचारलं, "या कॅनचं उद्घाटन झालंय का?"

"नाही, मॅडम," सर घाईनं म्हणाले.

"मग करू नका!"