पातळ हार

रमेश गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. फोन शालिनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा होता. "अक्का, हे गेले," एवढंच ती म्हणाली, आणि जरा थांबून, "कालच साखरेची पोती उतरवून घेतली होती..." माझ्या धाकट्या भावाच्या मृत्यूची बातमी मला अशी साखरेसकट मिळाली. धुळ्याहून अमळनेरला जाणाऱ्या एसटीत बसल्यावर मी पहिला विचार केला तो त्या पोत्यांचा. होळीला महिना-सव्वा महिना उरला होता.

माझ्या नातवंडांनो, तुम्ही त्याला आबा म्हणत होतात आणि त्याला ओळखत होतात ते पार्सलवरून. दर होळीला तुम्हाला येणारे साखरेचे हार-कंगन त्याच्या भट्टीतले असायचे. खान्देशात होळीला लहान मुलांच्या गळ्यात साखरेचा हार आणि हातात साखरेचं कंगन घालतात, आणि ते मामाच्या घरून आलेलं असलं की मूल चार घरं दाखवत फिरतं. आमचे वडील हेच काम करायचे. सागवानी साचे पाण्यात भिजवायचे, त्यांत दोरा ठेवायचा, वरून उकळता पाक ओतायचा. थोड्या वेळात साचा उघडला की पांढरा शुभ्र हार. मी त्या भट्टीच्या पैशावर कॉलेजात गेले, इंग्रजी शिकले, पुढे तीस वर्षं शिकवलं. रमेश दहावीनंतर भट्टीजवळ बसला. याबद्दल तो कधी तक्रारीच्या सुरात बोलला नाही. माझ्या चुका काढायच्या सवयीला मात्र तो "अक्काची लाल शाई" म्हणायचा.

साखरेचा भाव मी आयुष्यभर पाहत आले. लहानपणी रेशनच्या रांगेत एका भावाने मिळायची, बाजारात दुसऱ्या. लग्नघरी लाडू वळायचे तर आधी साखरेची सोय करावी लागे. आज ती कुठल्याही दुकानात किलोला चाळीस-पंचेचाळिसाला मिळते आणि कुणी रांग लावत नाही. पण मिठाईच्या पेटीचा भाव विचारून लोक अर्धा किलोवर येतात, अर्ध्याचा पाव करतात. रमेश म्हणायचा, "पेढ्यात भाव खव्यामागे लपतो, बर्फीत वर्खामागे. आमच्या हारात नुसती साखर. महागाईला लपायला जागाच नाही." वडिलांचा नियम सोपा होता. साखर वाढली की हाराचा भाव वाढवायचा, साच्याला हात लावायचा नाही. जाड हार ही आमच्या घराची ओळख होती. बाजारातल्या इतरांनी एकेक करून साचे पातळ केले, तेव्हा वडील त्यांची नावं घ्यायचे नाहीत, नुसते हसायचे.

तीन वर्षांपूर्वी तुमचं पार्सल पुढे पाठवायला माझ्याकडे आलं आणि हार हातात घेताच मला फरक कळला. मी तो काट्यावर ठेवला. नंतर फोन केला.

"रमेश, यंदा हार हलका आहे."

"हो अक्का, हलका आहे."

"साचा झिजला का?"

"नवा केला. पातळ."

"म्हणजे तूसुद्धा त्यांच्यातलाच झालास. वडील असते तर..."

"वडील होते तेव्हा तू कॉलेजात होतीस अक्का, भट्टीपाशी मी होतो," तो हसत म्हणाला. त्या हसण्याचा मला राग आला. मी त्याला सांगितलं की असले हार माझ्या नातवंडांना पाठवायची गरज नाही. तो "बरं" म्हणाला. पुढच्या दोन होळ्यांना तुम्हाला हार आले नाहीत. तुम्ही विचारलंत तेव्हा कुरिअर फार महाग झालं, असं मी लिहिलं. ते खोटं होतं. महागाईचं नाव पुढे केलं की कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही, हे मी तेव्हा शिकले.

चौदाव्या दिवसानंतर शालिनीने भट्टी पेटवली. आमच्या घरी यंदा सण नव्हता, पण गावाला होता, आणि साखर दमट होऊन चालणार नव्हतं. मी मदतीला राहिले. तिथे एका दुपारी शिंदखेड्याकडच्या खेड्यातली एक म्हातारी आली, सोनाबाई नावाची. दर वर्षी यायची म्हणे.

"भाऊ कोठे शे वं?" तिने विचारलं. शालिनीने सांगितलं. ती पायरीवर बसली, पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "माले पाच हार दे माय. पातळवाला."

मला राहवलं नाही. विचारलं, "पातळच का हवेत?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मना पाच नातवंडं शेतस अक्का. जाड हार दोनच परवडतस. बाकीनास्ना गळामा काय घालू, सुतळी?"

पुढचं तिनेच सांगितलं. एका वर्षी तिने दोनच हार घेतले. बाकीचे तिघे कुठे, असं रमेशने विचारल्यावर ते मोठे झाले, असं तिने ठोकून दिलं. त्यातला धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. "भाऊनी वळखी लिधं," ती म्हणाली. पुढच्या होळीला आली तर नवा साचा तयार होता, आणि दोन हारांच्या पैशांत पाच हार.

ती गेल्यावर मी शालिनीला विचारलं, हे मला का सांगितलं नाही. पाक ढवळता ढवळता ती म्हणाली, "मी म्हटलं होतं सांगा. तर म्हणे, अक्का तिला मनीऑर्डर करेल, आणि मग ती बाई पुन्हा आपल्या पायरीवर चढणार नाही."

त्याने मला बरोबर ओळखलं होतं. मी मनीऑर्डरच केली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साचे भिजवायच्या हौदाशी गेले. पातळ साच्यांच्या खाली, तळाशी, वडिलांचा जाड साचा पाण्यात होता. कोरडा राहिला की सागवान तडकतं, म्हणून रमेश तो दर हंगामात रोज भिजवायचा, असं शालिनीने सांगितलं. पातळ साचा केल्यापासून त्यात ओतायचा मात्र कधी नाही. "अक्का पुन्हा हार घ्यायला हो म्हणाली की तिचे त्यातच ओतू, म्हणायचे." यंदा तिने सवयीने तो भिजत घातला होता.

मी तो बाहेर काढला. चांगला जड आहे, दोन्ही हात लागतात. थोडा वेळ मांडीवर घेऊन बसले... शालिनी पाकाची कढई घेऊन थांबली होती. "यात ओतू का?" तिने विचारलं.

मी साचा पुन्हा पाण्यात सोडला आणि म्हटलं, "नको. सोनाबाईच्या साच्यात ओत. माझ्या दोघा नातवंडांचे दोन."