दोर आपल्या हाताला

आमच्या गावच्या मच्छिमार संस्थेला टॅबलेट मिळाला, तेव्हा व्यासपीठावर सभासदांपेक्षा पाहुणे जास्त होते. प्रत्येकाने नव्या युगावर भाषण केलं. टॅबलेट चार्ज करून आणायचं मात्र कोणालाच सुचलं नव्हतं. बाबा संस्थेचे अध्यक्ष, म्हणून तो आमच्या घरी आला आणि घरीच राहिला. त्याच्यावाचून तलावाचं काही अडलं नाही.

त्याच संध्याकाळी मी गंमत म्हणून त्यात आईचा आवाज भरला. ती गेल्यावर तेवढाच उरला.

बाबांना कंपवात. तो आवाज ऐकायला काचेवर बोट टेकवलं की एका टिचकीच्या चार होत आणि भलतंच काही उघडे. एकदा तर 'डिलीट करायचं का?' या प्रश्नापर्यंत ते जाऊन आले. त्यानंतर त्यांनी टॅबलेटला हात लावला नाही. मी लावून देतो म्हटलं, तर म्हणाले, "तुले मांगून ऐकू काय तुह्या मायले?"

म्हणून कुरखेड्याहून माउस आणला, सोबत तो टॅबलेटला लावायचा छोटा जोड. सेटिंगमध्ये जाऊन बाण मोठा केला, त्याचा वेग कमी केला. आईचं रेकॉर्डिंग पडद्यावर समोरच ठेवलं.

बाबांनी माउस उलटा धरला. वायर स्वतःकडे, मनगटाला एक वेढा देऊन. बाण डावीकडे न्यायला गेले की उजवीकडे पळे.

"बाबा, वायर तिकडे पाहिजे."

"दोर फेकणाऱ्याच्या हाताले रायते. दोरासकट जाळं फेकून देतेत काय कोणी?"

"हे जाळं नाई."

"दिसून राह्यलं मले."

मी माउस सरळ करून दिला. त्यांनी पुन्हा फिरवला.

"वल्हं मांगं मारलं का डोंगा पुढं जाते. तसंच हाय हे."

बाण हळूहळू सरकत जागेवर पोचला. उलट्या माउसचं बटण तळव्याच्या टाचेखाली आलं होतं, आणि हाताचा तेवढा भाग टेकला की थरथरत नव्हता. बाबा थांबले.

"तू बाहेर जा."

मी अंगणात आलो. आतून आईचा आवाज आला, "काय बोलू? मले नाई सुचत. तुमी बोला ना जी." पुढे नुसती खरखर. त्या दिवशी बाबा काही बोलले नव्हते, हसले होते फक्त.

"तूच बोल," आत बाबा म्हणाले, आणि बटण पुन्हा वाजलं.