पाट घरीच होता

दुकानात पाचशेची नोट आली की मी ती उजेडाकडे धरतो, गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी. राजारामपुरीत माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे, आणि आमच्या धंद्यात अस्सल डब्यातून नकली माल सर्रास येतो. त्यामुळे संशय घेण्यात मला कधी वावगं वाटलं नाही. लेकीलाही मी तेच शिकवलं. वस्तू हातात घ्यायची, वजन बघायचं, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, मग विश्वास ठेवायचा.

ती नववीत असताना वर्गाला पर्यावरणाचा प्रकल्प होता. तिच्या गटाने घरगुती गणपती घेतले. विसर्जन बादलीत करायचं आणि कुणाची मूर्ती कशी विरघळते ते बघायचं. गटात ही, तिच्या दोन मैत्रिणी आणि एक उंच मुलगा, ज्याला प्रत्येक गोष्टीत शंका. अख्खा श्रावण रविवारी आमच्या हॉलमध्ये त्यांचा अड्डा असायचा. लेक गणपतीचा पाट जमिनीवर मांडून त्यावर कार्डशीट पसरायची आणि रेघा मारत बसायची.

खरं म्हणजे तो पाट तेव्हा घरात असायला नको होता. आमच्याकडे आषाढातच पाट आणि सुपारी कुंभाराकडे पोचती करतात. पाट पोचला म्हणजे मूर्ती ठरली, आणि चतुर्थीला त्याच पाटावर बसून गणपती घरी येतो. वडिलांच्या वेळेपासून आमचा पाट कुंभार गल्लीतल्या एकाच घरी जातो. ते फक्त शाडूच्या मूर्ती करतात. पाट देण्याचं काम माझं, म्हणून ही रीत लेकीला कधी सांगायची वेळ आली नव्हती. तिला वाटायचं, पाट मूर्ती आणायच्या दिवशीच न्यायचा असतो.

त्या वर्षी मी विसरलो. विसरलो म्हणणंही पूर्ण खरं नाही. उद्या देऊ, परवा देऊ असं करत राहिलो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाट काखेत मारून गेलो, तर कुंभारकाका भट्टीसारखे तापलेले.

"आत्ता आलासा व्हय दादा? दोनदा निरोप धाडला की. आता एक बी मूर्ती ऱ्हायली न्हाय."

परतताना रस्त्याकडेला मूर्ती विकणारे मंडप होते. तिथल्या माणसाने मला फसवलं असतं तर आज बरं वाटलं असतं. पण तो सरळ म्हणाला, "प्लास्टरची हाय. शाडूची पायजे तर कुंभार गल्लीत जावा." मी त्यातली मातकट रंगाची, फार चकचकीत नसलेली मूर्ती निवडली आणि पाटावर ठेवून घरी आणली.

दारात लेकीने विचारलं, "नेहमीच्याच काकांची ना?"

"हो."

एवढंच बोललो. बायकोने ओवाळून मूर्ती आत घेतली आणि म्हणाली, "यंदा हलकी लागतीय हो." मी म्हणालो, "माती बारीक चाळलेली असेल." कुणी मला विचारलं नव्हतं, तरी बोललो. खोटं बोलणारा माणूस असा गरजेपेक्षा एक वाक्य जास्त बोलतो, हे मी गिऱ्हाइकांत कितीदा पाहिलेलं.

गौरीबरोबर गणपती बादलीत गेला. मैत्रिणींकडच्या मूर्तींचा दुसऱ्या दिवशी गाळ झाला, तो त्यांनी तुळशीला घातला. आमचा बाल्कनीत तसाच बसून होता. रंग तेवढा सुटला, पाणी गुलाबी झालं. पायाशी असलेला उंदीर निखळून तळाला पडला, पण तोही अखंड.

"काका, ही शाडूची न्हाय," उंच मुलगा म्हणाला.

"आमच्या बोअरचं पाणी जड आहे," मी म्हणालो.

त्यांनी नळाचं पाणी आणून बदललं. काही फरक नाही. मग तो पोरगा मला पुन्हा विचारायला लागला. मूर्ती कुणाकडनं घेतली? कधी? सोबत कोण होतं? मला वाटायला लागलं, ह्याला कुणीतरी सांगितलंय. मंडपासमोर ह्याचा कुणी नातेवाईक असेल का? बायको भाजी निवडताना परत "हलकीच होती" म्हणाली, ते सहज होतं की मुद्दाम? लेक माझ्याकडे बघायची तेव्हा मी तिचा चेहरा नोटेसारखा उजेडाकडे धरून बघायचो. खरा आहे की काहीतरी ठाऊक असलेला?

शेवटी मुलांनी ठरवलं, कुंभाराला जाब विचारायचा. "पोरं एकटी कशी पाठवायची" म्हणून मी बरोबर गेलो. खरं कारण वेगळं होतं. कुंभारकाका काय बोलतात यावर मला नजर ठेवायची होती.

मुलाने बरणीत घालून आणलेला उंदीर त्यांच्यापुढे धरला. "काका, तुम्ही शाडू म्हणून प्लास्टर विकता?"

"कोन म्हनतंय?" त्यांनी उंदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही माझी न्हवं. ह्यांचा पाट औंदा आलाच न्हाय माझ्याकडं. आषाढात पाट आल्याबिगर मी कुनाला मूर्ती देत न्हाय, गल्लीत कुनाला बी इचारा. दादा, सांगा की पोरांस्नी."

सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "पाट दिला होता की. आषाढातच."

लेकीने मान वर केली. मला दिसलं, तिला कार्डशीटखालचा पाट आठवला. तिने मान परत खाली घातली. कुंभारकाकांनी माती बाजूला ठेवली. मग हात पुसत म्हणाले, "बरं पावणं. तुमी म्हनतासा तर दिला असंल." इतकी वर्षं मी त्यांचा दादा होतो.

शाळेच्या प्रदर्शनात तो उंदीर बरणीत बसला. खाली चिठ्ठी होती, 'शाडूची म्हणून विकलेली मूर्ती, कुंभार गल्ली.' अक्षर माझ्या लेकीचं. एक पालक वाकून वाचत स्वतःच्या बायकोला म्हणाला, "आपला पाट पण त्याच गल्लीत जातोय. पुढच्या वर्षी बघायला पायजे." मी त्याच्या मागेच उभा होतो. लेक टेबलाच्या पलीकडे उभी राहून आलेल्या प्रत्येकाला माहिती सांगत होती. माझी पाळी आली तेव्हा ती दुसऱ्या पालकांकडे वळली.

त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी नीट वागली. फार नीट. मी बेकरीतून काही आणलं की पुडा उलटून बघायची आणि विचारायची, "पप्पा, हे तुम्ही म्हणताय तिथलंच आहे ना?" बायको हसायची. "बापावर गेलीय," म्हणायची.

यंदा आषाढ अर्धा झाला आणि कपाटामागे पाट दिसेना. मला आधी बायकोचा संशय आला, मग कामवाल्या मावशींचा. एवढं होऊनही माझी खोड गेली नव्हती. निदान खरं सांगून यावं म्हणून पाटाशिवायच कुंभार गल्लीत गेलो, तर पाट त्यांच्या ओट्यावर, वर सुपारी.

"पोरगी आलती," कुंभारकाका म्हणाले. "रडली. समदं सांगून गेली. तुमी काय सांगाय आलायसा?"

"तेच."

"मला सांगून काय करू? मला काय ठावं न्हवतं?" ते हातातली माती मळत राहिले. "चार घरचे पाट आलं न्हाईत औंदा. जितं माझं नाव घेतलासा, तितं जावा."

मी शाळेत गेलो. बरणी चिठ्ठीसकट अजून वर्गाच्या कपाटावर होती. बाईंनी विचारलं, "वर्गासमोर बोलायची खरंच गरज आहे का? मी चिठ्ठी काढून टाकते." सुटका समोर होती. पण चिठ्ठी काढली तरी पोरांच्या डोक्यात कुंभार खोटाच राहिला असता. दहावीच्या वर्गात उभा राहून मी सांगितलं. मूर्ती मंडपातून आणली, पाट घरीच होता, कुंभारकाका खरं बोलले, मी खोटं, आणि त्यापायी चार घरांचे पाट यंदा त्यांच्याकडे आले नाहीत. लेकीला ते कळलं होतं आणि माझ्यामुळे तिला गप्प बसावं लागलं. लेक तिसऱ्या बाकावर वहीत बघत होती.

उंच मुलगा उठला. "काका, मग आमचा निष्कर्षच चुकला की."

"निष्कर्ष बरोबर होता," मी म्हणालो. "नाव चुकलं."

"मग त्या चार घरांना कोण सांगणार?"

बाईंनी बरणी माझ्या हातात दिली. ती चार घरं मी शोधतोय, कुंभारकाका नावं सांगत नाहीत. दोन सापडली. एका ठिकाणी चहा मिळाला, दुसऱ्या ठिकाणी माणूस म्हणाला, "आता कशाला सांगताय? कुंभारानं पाठवलं काय तुम्हाला?" मला राग आला नाही. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो.

बरणी दुकानाच्या काउंटरवर ठेवली आहे. कुणी विचारलं तर सांगतो. बहुतेक जण विचारत नाहीत.

त्या दिवशी शाळेतून परतताना लेक स्कूटरवर माझ्या मागे बसली होती. घराच्या वळणावर म्हणाली, "चतुर्थीला मूर्ती मी आणणार. तुम्ही येऊ नका." मग म्हणाली, "किंवा या. पण बाहेर थांबा."