कार्टूनवालीचे डोळे

गणपतीच्या कारखान्यात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. पॉलिशपेपरची भुकटी आणि किस्से! आमच्या हमरापूरच्या कारखान्यातले निम्मे किस्से माझ्यावरच, कारण सेहेचाळीस वर्षांची बाई जेवणाच्या सुट्टीत पोरांची जपानी कार्टूनं वाचते.

*

पुस्तकं माझ्या लेकीची, लग्न करून जाताना टाकून गेलेली. घरात एकटीच कंदील पुसत बसणारी पोरगी तो कंदील घेऊन निघते, वाटेत बोलणारं कासव भेटतं, मग आख्खी फौज जमते. मला जाम आवडतं. पितांबर रंगवणारी रंजना एकदा डावीकडून उघडून बसली. "सुनंदाताई, सुरुवातीलाच लढाई संपली गो!"

"अगं, जपानी पुस्तक उजवीकडून वाचतात!"

"मग सरळ काय हाय त्यांचं?"

*

एक गिऱ्हाईक बाई माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाली, "नातवासाठी का?"

म्हटलं, "नाय हो. नातू झाला तर माझं वाचून झाल्यावर त्याला!"

बाई हसली नाही. मूर्ती दुसरीकडे घेतली. शेठ दिवसभर फुगून!

*

डोळ्यांची आखणी वीस वर्षं माझी. सगळा रंग झाला की शेवटी डोळे, तोवर मूर्तीला कुणी हात जोडत नाय. एकदा पुस्तक वाचता वाचता उठले आणि घोळ झाला. त्या पोरीच्या डोळ्यांत असतात तसे दोन पांढरे ठिपके थेट बाप्पाच्या बुबुळात!

शेठ ओरडले, "देव हाय का कार्टून? पूस ते!"

पुसायच्या आत मुंबईच्या मंडळाची माणसं आली. "हेच डोळे पाहिजेत!"

शेठ लगेच, "आमची खास आखणी हाय ती!"

*

त्याच वर्षी शेठच्या जावयाची धाटावच्या कंपनीतली नोकरी सुटली. आखणी त्याला, मला मूर्ती घासायचा पॉलिशपेपर. "कार्टून वाचून तुझा हात बिघडलाय," शेठ म्हणाले.

रंजना कुजबुजली, "बोल की गो काहीतरी!"

नाय बोलले. त्याचा राग अजून येतो, शेठपेक्षा स्वतःचाच जास्त.

*

परवा शेठ माझ्या पाटापाशी आले. "ते पुस्तक दे जरा. जावयाला ठिपके जमत नायत."

दिलं. काय करणार? दोन दिवसांनी परत घेऊन आले. स्वतःही वाचलेलं, अर्थात डावीकडून.

"काय गो सुनंदा, हे पोरांचं पुस्तक? आधी एवढी फौज तिच्या मागं, मग एकेक जण सोडून जातो, आणि शेवटी पोरगी घरात एकटीच कंदील पुसत बसते!"

"व्हय शेठ," म्हटलं, "तसंच हाय." आणि पॉलिशपेपर उचलला.