सीताफळाचा पाला

सौंसरहून नागपूरला जाणाऱ्या आमच्या बसमध्ये एक पोरगी बोरगावला चढली. ओल्या फडक्यात सीताफळाचा पाला बांधला होता, आणि ते गाठोडं तिनं तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेतलं. मधूनमधून त्यावर पाणी शिंपडायची.

कंडक्टरनं हटकलं, तेव्हा कळलं की ती नागपूरच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. पानांचा अर्क काढते आणि कॅन्सरच्या पेशींवर टाकून पाहते.

“मंग, मरते का पेशी?” कंडक्टरनं विचारलं.

“मरून राहिल्या,” ती हसून म्हणाली.

शेजारचा म्हातारा एकदम सरसावून बसला. त्याची बायको त्याच रोगानं नागपुरात भरती होती. “पोरी, आमच्या बांधावर हाय सीताफळ. किती पानं उकळून पाजू, सांग वं.”

सगळी बस कान देऊन ऐकू लागली.

“एकबी नाही, बाबाजी,” ती म्हणाली. “पेशी काचेच्या ताटलीत मरून राहिल्या. त्याले गुण आला नाही म्हणत. गुण माणसाले येते, ताटलीले नाही. माईचं चालू औषध बंद नोका करू.”

मागून कोणी तरी “मंग काय फायदा?” म्हणालं. मला मात्र छाती फुगल्यासारखं वाटलं. टाळ्या मिळाल्या असत्या तिथं खरं बोलणारी ही पोरगी आमच्या भागातली होती.

नागपूरला उतरताना म्हाताऱ्यानं आपली पिशवी काखेत मारली आणि तिचं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून तिला दिलं.

“नीट तपासजो वं पोरी,” तो म्हणाला. “आपल्याकडचा पाला हाय.”