पाटलीला जुळलेले यमक

बुधवार पेठेतल्या एका दुकानात माईक आणि स्पीकर विकणारा योगेश गिऱ्हाइकांना न विचारता रॅपचा इतिहास सांगत असे. अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतली काळी पोरे, हाती वाद्य नाही, शिकवायला कुणी नाही. रेकॉर्डच्या ठेक्यावर त्यांनी आपापले जगणे बोलून दाखवले. "यात नियम एकच," तो म्हणे, "खोटं बोलायचं नाही."

त्याचे स्वतःचे गाणे गाजले ते या ओळीवर: 'बापानं लावली तोंडाला बाटली, आईची विकली सोन्याची पाटली.'

शहराबाहेरच्या मांजरी गावात त्याचे वडील सर्जेराव उसाच्या शेतावर मुकादम होते. गळ्यात तुळशीची माळ. दारूच्या थेंबाला कधी शिवलेले नव्हते. आई द्वारकाबाईंच्या हातांतल्या पाटल्या जागच्या जागी होत्या. पण रॅप करायचा तर दुःख हवे, आणि योगेशच्या घरात सांगण्याजोगे दुःखच नव्हते. पाटली आधी सुचली, तिच्यामागून बाटली आली, आणि बाटली धरायला बाप लागला. "एकदम रिअल, भावा!" गाणे रेकॉर्ड करणारा साई असे म्हणाला, तेव्हा योगेशला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटले.

ठेका कुठून आला, हे मात्र त्याने साईलाही सांगितले नव्हते. सर्जेराव तीस वर्षे गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत होते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायला दर एकादशीला द्वारकाबाई कणकेचा गोळा मळून देत, आणि लहानगा योगेश बापाच्या मांडीला टेकून पखवाजाचे बोल तोंडाने म्हणे.

गाणे गावभर झाल्यावरच्या एकादशीला सर्जेराव भजनाला गेले आणि अर्ध्या तासात परतले. गोळा हातात तसाच होता.

"का ओ, एवढ्यात?" द्वारकाबाईंनी विचारले.

"मंडळाचे रावसाहेब म्हनले, सर्जेराव, आज टाळच घ्या, पखवाजावर तोल जायचा. समदी हसली." तेही हसतच सांगत होते. मग योगेशकडे वळले. "तुझ्या गाण्यात मी हाय म्हनं. लोकांस्नी आवडलं का?"

"हो, आण्णा."

"मग झालं तर."

ओरडले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी योगेशने गाणे चॅनेलवरून काढून टाकले. पण तोवर ते मांजरीतल्या मोबाइलांत शिरले होते, एका हळदीत पोरे त्यावर नाचलीही होती. पुढच्या एकादशीला सर्जेराव गेले नाहीत. त्यापुढच्याही नाही. कणीक भिजवण्याआधी द्वारकाबाई त्यांच्याकडे पाहत. ते नुसती मान हलवत.

त्यानंतरच्या एकादशीला योगेश रजा काढून घरी राहिला. संध्याकाळी त्याने पखवाज खांद्याला अडकवला, आईकडून गोळा मागून घेतला आणि वडिलांना म्हणाला, "चला."

देवळात सगळे बसले होते. योगेश उभ्यानेच बोलला, "माझ्या गाण्यातलं खोटं आहे. आण्णांनी कधीच घेतलेली नाही. यमक जुळावं म्हणून मी लिहिलं."

रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "बराबर हाय, लेकरा," ते अगदी मायेने म्हणाले. "बापाची बाजू लेकानं न्हाई घ्यायची, तर कुनी घ्यायची?"

माना डोलल्या. कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"वाजवू द्या आज त्यांना," रावसाहेब म्हणाले. गुन्हा पोटात घालावा तसे.

सर्जेरावांनी लेकाच्या मुठीतला घामेजलेला गोळा घेतला, पखवाजाला लावला, अंगठ्याने नीट दाबला. "टाळ घे," ते म्हणाले.

अभंग सुरू झाला. सर्जेरावांचा हात मात्रेनेही इकडेतिकडे होत नव्हता. मागे बसलेल्या विमलाबाई शेजारणीच्या कानाशी लागल्या. टाळांच्या गजरातही योगेशला ते ऐकू आले.

"आज शुद्धीत हायेत जनू."

त्याने मान वर केली नाही. बाप देत होता त्या ठेक्यावर तो टाळ वाजवीत राहिला.