एकाच डब्यातल्या गोळ्या

डॉ. दिगंबरराव सावळसुरे यांच्या उमरग्याच्या दवाखान्यात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, तेव्हा दुष्काळ होता आणि माझे आईवडील रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. सुई नीट उकळली नाही म्हणून सरांनी मला पहिल्याच दिवशी सर्वांसमोर झापले. संध्याकाळी शेजारी उभे राहून सगळे शिकवले, तेव्हा माझा राग निवळला.

काही वर्षांनी अणदूरची सरू आणि तिचा धाकटा भाऊ दत्तू दवाखान्यात आले. दोघांच्या मोठ्या आतड्यात मुगाएवढ्या असंख्य गाठी होत्या. हा दुर्मीळ आजार वडिलांकडून आलेला. या गाठींचा पुढे कर्करोग होतो. वडील त्यानेच चाळिशीत गेले होते. शहरातल्या एका रुग्णालयात गाठींवरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. सरांनी खटपट करून भावंडांना तीत घेतले. काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली साधी गोळी. कोणाला काय, हे सरांनाही ठाऊक नव्हते.

पुढच्या तपासणीला भावंडांच्या आई पारूबाई सहज बोलून गेल्या, "दोन्ही बाटल्या एकाच डब्यात ओतल्या, सायेब. त्यातलीच एकेक दोघायला देते. एका पोटची लेकरं. एकाला औषध आन् एकाला खोटी गोळी, हे म्या कसं करू?"

मी चिडले. सरांनी पारूबाईंना खुर्ची दिली. मग म्हणाले, "चुकलं माझं, आई. लेकरांना समजावलं, तुम्हाला विचारलंच नाही."

सरांनी लगेच रुग्णालयाला खरे ते कळवले. तिथल्या वरिष्ठांनी सुचवले, रुग्ण मुळातच थोडे आहेत, या दोघांना चाचणीत राहू द्या. सर म्हणाले, "उद्या ज्याला ही गोळी देतील, त्याला आपण फसवायचं का?" भावंडे चाचणीतून वगळली गेली आणि त्या चाचणीवरच्या शोधनिबंधातून सरांचे नावही. वाईट वाटले का, असे मी विचारले. "लई वाटलं," एवढेच ते बोलले.

गोळीवर विसंबून राहणे आता धोक्याचे होते. शस्त्रक्रियेला दत्तू तयार होईना. सर एसटीने तीनदा अणदूरला गेले, पारूबाईंच्या ओसरीवर बसून राहिले. अखेर दोघांची मोठी आतडी सोलापुरात वेळेत काढली गेली.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. सरू आणि दत्तू वडिलांच्या वयाच्या कितीतरी पुढे गेले आहेत. सर, प्रकृती सांभाळा, शंभरी गाठा. दत्तूची नात अजून पाळण्यात आहे, आणि तिची तपासणी तुम्हीच करायची, असे त्या घराने ठरवून टाकले आहे.